थरथरत्या पंख्याचा ताळेबंद

साखर कारखान्याच्या धुरांड्याच्या पायथ्याशी एक अजस्र पंखा अहोरात्र फिरत असतो. बॉयलरच्या भट्टीतील धूर ओढून घेऊन तो धुरांड्यात लोटणे, हे त्याचे काम. कामगार त्याला ‘आयडी फॅन’ म्हणतात. हंगामाच्या ऐन भरात हा पंखा बंद पडला, तर बॉयलर थांबतो. बॉयलर थांबला की वाफ थांबते. वाफ थांबली की गाळप थांबते, आणि गव्हाणीपाशी गाड्यांत भरून उभा असलेला ऊस वाळू लागतो. कोट्यवधी रुपयांची यंत्रसामग्री एका पंख्याच्या दोन बेअरिंगांवर अशी अवलंबून असते.

साखर कारखान्याची गोष्ट मोठी म्हणून चटकन डोळ्यांत भरते. परंतु डाळमिलमधील टरफले व भुसा ओढणारा पंखा, जिनिंगमध्ये कापूस वाहून नेणारा पंखा, भातगिरणीतील धूळ खेचणारा पंखा, ओतशाळेतील भट्टीला वारा घालणारा ब्लोअर या सर्वांची कथा तीच आहे. व्यापारी घराण्यांनी उभारलेल्या लहान-मोठ्या उद्योगांत असा एखादा पंखा नाही, असे सहसा आढळत नाही. खरेदीच्या वेळी त्याची किंमत एकूण प्रकल्पात नगण्य दिसते आणि म्हणूनच त्याच्याकडे लक्ष सर्वांत कमी जाते. तो थरथरू लागला की मिस्त्री बेअरिंग बदलतो, बिल ‘दुरुस्ती व देखभाल’ या खात्यावर पडते आणि तीन महिन्यांनी तेच बिल पुन्हा येते.

हे बिल पुन:पुन्हा का येते, याचे उत्तर गेल्या दीडशे वर्षांत गणिताने दिलेले आहे. ते उत्तर समजण्यासाठी अभियंत्याची पदवी लागत नाही. त्रैराशिक आणि वर्गमूळ येणाऱ्या कोणत्याही सुज्ञ गृहस्थाला त्याचा गाभा कळू शकतो.

शंभर ग्रॅमचे ओझे

कंपनाचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे असमतोल. पंख्याचे फिरणारे चाक, म्हणजे इम्पेलर, वजनाने सर्व बाजूंनी सारखे असेल, तर त्याचे वस्तुमानकेंद्र बरोबर अक्षावर राहते. पात्यांवर राख वा पिठी एका बाजूस अधिक चिकटली, किंवा राखेच्या घर्षणाने एखादे पाते झिजले, की हे केंद्र अक्षापासून किंचित सरकते. मग प्रत्येक फेरीत ते जड अंग बाहेरच्या दिशेने ओढ घेऊ लागते.

ही ओढ किती, हे काढण्याची रीत सोपी आहे. जादा वस्तुमानाला त्याच्या अक्षापासूनच्या अंतराने गुणावे आणि त्यास फिरण्याच्या कोनीय वेगाच्या वर्गाने गुणावे. उदाहरणादाखल ३०० किलो वजनाचा इम्पेलर मिनिटाला १४८० फेऱ्या घेत आहे आणि त्याच्या एका पात्यावर, अक्षापासून अर्ध्या मीटरवर, १०० ग्रॅम राख चिकटली आहे, असे मानू. १४८० फेऱ्या म्हणजे सेकंदाला सुमारे १५५ रेडियन. गुणाकार केला असता बल येते सुमारे १२०० न्यूटन, म्हणजेच १२२ किलो वजनाएवढी ओढ. मूठभर राख एका भरदार पुरुषाहून जड होऊन शाफ्टला खेचते आणि ही ओढ दर सेकंदाला जवळजवळ २५ वेळा आपली दिशा पूर्ण फिरवते. पंखा चोवीस तास चालला, तर दिवसाकाठी हा हिसका २१ लाख ३१ हजार २०० वेळा बसतो.

यातील ‘वर्ग’ हा शब्द विसरू नये. गती निम्मी केली, तर तीच राख केवळ ३० किलोची ओढ देते; गती दुप्पट केली, तर ओढ चौपट होते. सरळव्याज आणि चक्रवाढव्याज यांतील फरक ज्याला ठाऊक आहे, त्याला जलद पंख्याच्या बाबतीत थोडीही हयगय महाग का पडते, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

बेअरिंगचा हिशोब याहून कठोर आहे. बॉल बेअरिंगचे आयुष्य त्यावरील भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते, हा त्या शास्त्रातील मान्य नियम आहे. भार सव्वापट झाला, की आयुष्य जवळपास निम्म्यावर येते. म्हणजे असमतोल तसाच ठेवून नवे बेअरिंग बसविणे हे मुद्दल न फेडता केवळ व्याज भरत राहण्यासारखे आहे.

गणिती प्रतिमान म्हणजे काय?

बल काढले, तरी प्रश्न अर्धाच सुटतो. १२२ किलोच्या ओढीने पंखा किती हलेल, हे त्या पंख्याच्या ठेवणीवर अवलंबून असते. येथे गणिती प्रतिमानाची गरज लागते. प्रतिमान म्हणजे यंत्राचे कागदावरील असे साधे रूप, ज्यात कंपनाशी संबंध असलेल्या गोष्टी तेवढ्या ठेवलेल्या असतात आणि रंग, आकार, नक्षी असे बाकी सारे गाळलेले असते. ताळेबंदात दुकानाची इमारत दिसत नाही, तरी दुकानाची प्रकृती कळते, तसेच हे.

पंख्याच्या सर्वांत साध्या प्रतिमानात तीनच घटक असतात. पहिला घटक वस्तुमान, म्हणजे इम्पेलर. दुसरा ताठरपणा, म्हणजे शाफ्ट वाकण्यास जो विरोध करतो तो. तिसरा अवमंदन, म्हणजे तेल, हवा, सांधे व धातूचे अंतर्गत घर्षण यांतून हालचालीची शक्ती जिरविणारा घटक. स्प्रिंगच्या काट्याला वजन अडकवून किंचित ओढून सोडले, तर ते आपल्याच एका लयीत वर-खाली होते. त्या लयीला स्वाभाविक वारंवारता म्हणतात. वजन वाढले की लय मंदावते, स्प्रिंग ताठर असली की लय जलद होते. शाफ्टवरचा इम्पेलर हाही अशाच एका स्प्रिंगवर टांगलेला आहे.

बाहेरून बसणाऱ्या हिसक्यांची लय आणि यंत्राची स्वाभाविक लय जुळली, की अनुनाद होतो. झोपाळ्याला योग्य क्षणी दिलेले हलके धक्केही त्याला उंच नेतात, त्याचप्रमाणे. ज्या गतीला हे घडते, तिला क्रांतिक गती म्हणतात. तेथे कंपनाला आवर घालणारे एकच साधन उरते, ते म्हणजे अवमंदन. अवमंदनाचे गुणोत्तर ५ टक्के असेल, तर असमतोलामुळे वस्तुमानकेंद्र जितके सरकले असेल त्याच्या दहापट कंपन होते. ते २ टक्केच असेल, तर पंचवीसपट.

क्रांतिक गती काढण्याचे एक सुटसुटीत सूत्र आहे. इम्पेलरच्या वजनाने शाफ्ट जागच्या जागी किती मिलिमीटर लवतो, तो आकडा घ्यावा, त्याचे वर्गमूळ काढावे आणि त्याने ९४६ ला भागावे. उत्तर मिनिटाच्या फेऱ्यांत मिळते. शाफ्ट पाव मिलिमीटर लवत असेल, तर ०.२५ चे वर्गमूळ ०.५ आणि क्रांतिक गती १८९२. आपला पंखा १४८० ने फिरतो, म्हणजे तो या गतीपासून सुरक्षित अंतरावर आहे. १०० ग्रॅम राखेमुळे त्याचे वस्तुमानकेंद्र सुमारे ०.१७ मिलिमीटर सरकलेले असते आणि प्रतिमानानुसार या गतीला कंपन सुमारे पाव मिलिमीटर येते. हे चांगले नव्हे, पण यंत्र तग धरते.

एका चुकीची पन्नास वर्षे

हे प्रतिमान एका रात्रीत घडले नाही. १८६९ मध्ये ग्लासगो विद्यापीठातील प्राध्यापक रँकिन यांनी फिरत्या शाफ्टच्या अपकेंद्री बलावर लेख लिहिला. त्यांचा निष्कर्ष असा की, एका ठरावीक गतीपलीकडे शाफ्ट वाकतच जाईल. म्हणून त्या गतीच्या वर यंत्र चालविणे अशक्य आहे. फिरत्या चौकटीतून पाहताना गतीमुळे जे आणखी एक बल उद्भवते, ते त्यांच्या समीकरणात आलेच नव्हते. परंतु रँकिन यांचा अधिकार मोठा असल्याने हे मत दीर्घकाळ प्रमाण मानले गेले.

त्याला पहिला धक्का गणितज्ञाने नव्हे, तर एका उद्योजकाने दिला. दुधातून साय वेगळी करणाऱ्या यंत्राने नाव मिळवलेले स्वीडनचे गुस्ताफ द लाव्हाल वाफेच्या टर्बाइनवर काम करीत होते. पुण्याजवळील दापोडीच्या कारखान्यामुळे त्यांचे नाव महाराष्ट्रातही परिचित आहे. १८८९ च्या सुमारास त्यांनी मुद्दाम बारीक व लवचीक शाफ्ट वापरला आणि टर्बाइन क्रांतिक गती ओलांडून मिनिटाला सुमारे ३०,००० फेऱ्यांपर्यंत नेली. आश्चर्य असे की, ती गती ओलांडताच यंत्र शांत झाले. १८९५ मध्ये जर्मनीच्या आउगुस्ट फ्योप्ल यांनी याची मीमांसा केली: क्रांतिक गतीच्या वर गेल्यावर जड अंग आतल्या बाजूस वळते आणि चाक आपल्या खऱ्या वस्तुमानकेंद्राभोवती फिरू लागते. त्यांचा लेख इंग्लंडपर्यंत फारसा पोहोचला नाही. अखेर १९१९ मध्ये डब्लिनचे प्राध्यापक जेफकॉट यांनी असमतोलाचा परिणाम स्पष्ट समीकरणांत मांडला, तेव्हा हा वाद मिटला. शाफ्टच्या मध्यावर एक चकती, हे ते प्रतिमान आजही ‘जेफकॉट रोटर’ म्हणून शिकविले जाते.

एका थोर माणसाच्या चुकीच्या समीकरणाने कारखानदारांना पन्नास वर्षे एका मर्यादेत अडकवून ठेवले. प्रतिमान उपयुक्त असते, पण ते प्रत्यक्षाशी पडताळलेच पाहिजे, हा धडा त्यातून मिळाला.

पायाचे बोल्ट आणि ०.१५ मिलिमीटर

आता पुन्हा आपल्या पंख्याकडे वळू. शाफ्ट हवेत लटकत नाही. तो बेअरिंगवर, बेअरिंग ठोकळ्यावर, ठोकळा लोखंडी पाटावर आणि पाट काँक्रीटच्या पायावर टेकलेला असतो. या प्रत्येक थराला स्वतःचा थोडा लवचीकपणा असतो. १८९४ मध्ये इंग्लंडच्या स्टॅन्ली डंकर्ली यांनी अनेक भार वाहणाऱ्या शाफ्टच्या क्रांतिक गतीसाठी बेरजेचा एक नियम मांडला. त्याच विचाराने येथे असे म्हणता येते की, एकावर एक असलेल्या थरांच्या लवण्याची बेरीज होते.

समजा, पायाचे बोल्ट सैल झाले, खालचा गिलावा भुगा होऊन निघून गेला आणि आधाराची लवण ०.१५ मिलिमीटरने वाढली. शाफ्टची ०.२५ आणि आधाराची ०.१५ मिळून ०.४० झाली. सूत्र लावले असता क्रांतिक गती येते १४९६. पंखा फिरतो १४८० ने! इम्पेलर तोच, राख तीच १०० ग्रॅम. पण पाव मिलिमीटरचे कंपन आता, अवमंदन ५ टक्के धरूनही, दीड मिलिमीटरहून अधिक होते, म्हणजे सुमारे सहापट.

प्रत्यक्षात सैल बोल्टचे वर्तन इतके सरळ नसते, उभ्या व आडव्या दिशांचा ताठरपणाही वेगळा असतो. तरीही दिशा याच हिशोबातून कळते. बेअरिंग बदलून असे कंपन थांबत नाही. नवा, महागडा इम्पेलर आणूनही ते पुरते थांबेलच असे नाही. उपाय पायाशी असतो आणि तो बहुधा सर्वांत स्वस्त असतो.

विजेची बचत आणि नवे संकट

अलीकडे अनेक उद्योगांनी पंख्यांना गती कमी-जास्त करणारे व्हीएफडी उपकरण बसविले आहे. हा निर्णय शहाणपणाचा आहे, कारण पंख्याला लागणारी शक्ती गतीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. गती ८० टक्क्यांवर आणली की शक्ती ५१ टक्क्यांवर येते. ज्या कर्जाचे हप्ते वीजबिलाच्या बचतीतूनच फिटतात, असे कर्ज विरळा.

परंतु यात एक मेख आहे. पूर्वी पंखा सुरू होऊन काही सेकंदांत पूर्ण गतीला पोहोचत असे. वाटेत पंखा ज्यावर उभा आहे त्या लोखंडी माच्याची किंवा हवेच्या नळकांड्याची स्वाभाविक लय आली, तरी ती क्षणात मागे पडे. आता ५० ऐवजी ४० हर्ट्झवर चालविलेला तोच पंखा मिनिटाला सुमारे ११८४ फेऱ्या घेत तासन्‌तास फिरतो. माच्याची लय १२०० च्या आसपास असली, तर पंखा नेमका अनुनादाच्या उंबरठ्यावर मुक्काम ठोकतो. पत्रे फाटतात, सांधे तडकतात आणि दोष उपकरणाला दिला जातो. बहुतेक व्हीएफडीमध्ये ठरावीक गती वगळण्याची सोय असते. कोणती गती वगळावी, हे मात्र पंख्याच्या प्रतिमानावरून व मोजमापावरूनच ठरवावे लागते.

यासाठी अभियंते एक आलेख काढतात. एका अक्षावर पंख्याची गती, दुसऱ्यावर स्वाभाविक वारंवारता. जेथे हिसक्यांच्या तिरप्या रेषा वारंवारतेच्या रेषांना छेदतात, ती धोक्याची ठिकाणे. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे विल्फ्रेड कॅम्पबेल यांनी १९२४ मध्ये टर्बाइनच्या चाकांवरील संशोधनात ही पद्धत रूढ केली, म्हणून तो ‘कॅम्पबेल आलेख’. त्यात केवळ असमतोलाचा हिसका पाहून भागत नाही. दहा पात्यांचा पंखा सेकंदाला सुमारे २५ फेऱ्या घेत असेल, तर हवेला दर सेकंदाला सुमारे २५० ठोके बसतात. त्या लयीशी जुळणारा पत्रा वा पाते असल्यास तेही कंप पावते. मोठ्या पंख्यांसाठी आज संगणकावर शाफ्टचे अनेक लहान तुकडे कल्पून समीकरणे सोडविली जातात. तुकडे वाढले तरी प्रत्येकाचा पाया तोच: वस्तुमान, ताठरपणा, अवमंदन.

मोजमाप आणि मर्यादा

कंपनाची परीक्षा हात लावून होत नाही. बेअरिंगच्या घरावर मोजयंत्र ठेवून कंपनाचा वेग मिलिमीटर प्रति सेकंद या एककात मोजतात. औद्योगिक पंख्यांसाठी आयएसओ १४६९४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. प्रक्रिया उद्योगांतील नेहमीच्या, ३०० किलोवॅटपर्यंतच्या आणि पक्क्या पायावर बसविलेल्या पंख्यासाठी त्यातील मर्यादा अशा: नवा पंखा सुरू करताना ४.५, इशारा ७.१ आणि पंखा बंद करावा अशी पातळी ९.०.

समतोलाचीही प्रत ठरलेली आहे. अशा पंख्यांसाठी ती ‘जी ६.३’ असते. १४८० फेऱ्यांना याचा अर्थ असा की, वस्तुमानकेंद्र अक्षापासून ०.०४१ मिलिमीटरहून अधिक सरकता कामा नये. आपल्या ३०० किलोच्या इम्पेलरसाठी अर्ध्या मीटरवर हे होतात केवळ २४ ग्रॅम. १०० ग्रॅम राख ही त्या मर्यादेच्या चौपट आहे.

इम्पेलर न काढता जागेवरच समतोल साधता येतो आणि तेही गणिताच्याच आधाराने. आधी तसेच कंपन मोजतात. मग एक छोटे ठाऊक वजन इम्पेलरवर १२० अंशांच्या अंतराने तीन जागी आळीपाळीने लावून दर वेळी पंखा फिरवून मोजतात. चार नोंदींवरून कागदावर कंपासने चार वर्तुळे काढली, की त्यांच्या छेदाच्या जागेवरून किती वजन कोणत्या कोनावर लावावे, हे कळते. असमतोल दुप्पट तर कंपन दुप्पट, हे गृहीत त्यामागे आहे. सैल बोल्ट, तडा किंवा अनुनाद असेल, तर हे गृहीतच कोसळते आणि वर्तुळे एका जागी भेटत नाहीत. तेव्हा वजने लावीत बसण्याऐवजी मूळ दोष शोधावा.

मालकाने विचारावेत असे प्रश्न

कारखान्याच्या मालकाला समीकरणे सोडवावी लागत नाहीत. योग्य प्रश्न मात्र विचारावे लागतात. नवा पंखा घेताना त्याची क्रांतिक गती किती, ती आधाराचा लवचीकपणा धरून काढली आहे काय आणि समतोलाचा दाखला सोबत मिळेल काय, हे लेखी मागावे. व्हीएफडी बसविण्यापूर्वी कोणत्या गती टाळायच्या, हे ठरवून घ्यावे. दर महिन्याला ठरलेल्या जागी, ठरलेल्या भारावर कंपन मोजून तारखेसह वहीत नोंदवावे. एकट्या आकड्यापेक्षा त्याची चाल अधिक सांगते. ३ वरून ४ आणि ४ वरून ६ असा चढणारा पंखा, सतत ५ वर स्थिर असलेल्या पंख्यापेक्षा अधिक चिंतेचा. बेअरिंग दुसऱ्यांदा गेले, तर तिसरे मागविण्यापूर्वी पाया, समतोल व जोडणी तपासून घ्यावी.

आणि एक हिशोब असा आहे, जो कोणत्याही ताळेबंदात बसत नाही. एक मीटर व्यासाच्या इम्पेलरची कड १४८० फेऱ्यांना ताशी सुमारे २८० किलोमीटर वेगाने जात असते. दररोज २१ लाख हिसके सोसून थकलेल्या वेल्डिंगमधून एखादे पाते सुटले, तर ते त्याच वेगाने सुटते. त्या पंख्याशेजारी कोणीतरी उभा असतो: तेल घालणारा, झाडू मारणारा, मीटर वाचणारा. यंत्राच्या फिरत्या भागांना कुंपण घालणे हे मालकाचे कर्तव्य आहे. पात्यांवरची राख काढण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावणे आणि इम्पेलर जागीच अडकवून ठेवणे हेही तितकेच आवश्यक आहे, कारण वीज बंद असतानाही धुरांड्याच्या ओढीने पंखा आपोआप फिरू शकतो.

पंखा ९ मिलिमीटरची पातळी ओलांडत असताना ‘एवढी ऑर्डर निघू द्या, मग पाहू’ असे म्हणणारा मालक आपल्या पैशाचा धोका पत्करतो, असे त्याला वाटते. वस्तुतः त्या निर्णयाची जोखीम पंख्याशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला जाते. ऑर्डर उशिरा गेली, तर ग्राहकाला समजावता येते, नुकसान पुढील वर्षात भरूनही निघते. म्हणून पंखा थांबविण्याचा अधिकार मीटर वाचणाऱ्या माणसालाच द्यावा आणि तो त्याने वापरला, तर त्याला जाब विचारू नये.